रामघाट आणि खिशातला चाकू

उज्जैनला क्षिप्रेच्या रामघाटावर स्नानास जाणाऱ्या आपल्याकडील भाविकाच्या पिशवीत फळे चिरण्याचा लहानसा चाकू बहुधा असतोच. तो बाळगणे गुन्हा आहे काय? याचे उत्तर पात्याच्या मापावर आणि चाकू उघडतो कसा यावर अवलंबून आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. मात्र त्याच कायद्याच्या चौथ्या कलमान्वये मध्य प्रदेशात २२ नोव्हेंबर १९७४ रोजी अधिसूचना निघाली. तीनुसार ६ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्याचे धारदार शस्त्र सार्वजनिक ठिकाणी परवान्याविना बाळगता येत नाही. आणि खटका दाबताच उघडणारा चाकू तर पाते बोटभर असले तरी निषिद्ध! शिक्षा सामान्यतः एक ते तीन वर्षे कैद व दंड. आपल्याकडे १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली निघणारे मनाई हुकूम ठरावीक मुदतीचे असतात. तिकडची ही मनाई बारमाही आहे.

पर्वणीच्या गर्दीत पोलिसांनी दक्ष राहू नये, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. फळे चिरण्यासाठी खटक्याचा चाकू लागत नाही, हेही खरेच. परंतु पाते मोजल्याविना यात्रेकरूला आरोपी करणे न्यायाचे नव्हे. २०२८ च्या सिंहस्थापूर्वी ही अधिसूचना हिंदीबरोबर मराठीतही उज्जैन स्थानकावर आणि घाटाच्या पायऱ्यांशी ठळक अक्षरांत लावावी.