लवणारा डोळा आणि बोटॉक्स

बाईचा डावा डोळा लवला तर शुभ, असे आपल्याकडे म्हणतात. माझ्या मावशीचा लवू लागला तेव्हा घरात कौतुकच झाले. काही महिन्यांत तिच्या दोन्ही पापण्या आपोआप घट्ट मिटू लागल्या; खामगावच्या भर बाजारात तिचा हात धरून चालावे लागे. दृष्ट काढली, चष्मा बदलला. शेवटी अकोल्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी बोटॉक्स सुचवले, तर मावशी उखडली, ‘‘मला काय सिनेमात जायचंय?’’

सुरकुत्यांचे इंजेक्शन हीच त्याची ख्याती. इतिहास मात्र उलटा आहे.

१८२० च्या सुमारास जर्मनीतील युस्टिनुस केर्नर या कवी-डॉक्टराने बिघडलेल्या सॉसेजमधून होणारी विषबाधा अभ्यासली. सॉसेजला लॅटिनमध्ये बोटुलस म्हणतात. त्यावरून आजाराचे नाव पडले बोटुलिझम. त्याचा जंतू हवा नसलेल्या अन्नात वाढतो. (१९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेत शेवेतून ही विषबाधा झाली होती.)

मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत स्नायूला आकसण्याचा निरोप देतो. हे विष तो निरोप तंतूच्या टोकाशीच अडवते. श्वासाचे स्नायू ढिले पडले तर माणूस दगावतो. पण अतिसूक्ष्म मात्रा नेमक्या स्नायूत टोचली तर तेवढाच स्नायू सैलावतो. तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले. १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन करूथर्स यांना अशा उपचारानंतर भुवयांमधल्या आठ्या विरलेल्या दिसल्या; त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ, त्यामुळे पुढचे संशोधन घरातच जुळले. आठ्यांसाठी मान्यता आली २००२ मध्ये. तीही चेहऱ्याच्या हालचालीने पडणाऱ्या रेषांपुरती. उन्हाने रापून सैल झालेली कातडी याने ताणली जात नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे ताठ पाय, लकव्यानंतर आखडलेला हात, काखेतला अतिघाम, जुनाट अर्धशिशी यांवरही ते देतात.

चांदी पारखणाऱ्या आमच्या गावाला एक गोष्ट पटेल. याची मात्रा ‘युनिट’मध्ये मोजतात आणि एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाएवढे नसते. त्यामुळे पार्लरमध्ये स्वस्तात मिळते म्हणून टोचून घेऊ नये. नुसता डोळा लवत असेल तर झोप वाढवावी, चहा कमी करावा, बहुधा थांबते. पापण्या मिटू लागल्या किंवा अर्धा चेहरा ओढू लागला, तर मात्र डॉक्टर गाठावा.

मावशीचे डोळे चौथ्या दिवशी उघडे राहू लागले. एक पापणी काही आठवडे खाली लोंबली, तेव्हा मला बोलणी बसली. आता तारीख तीच लक्षात ठेवते आणि अकोल्याला निघायची घाईही तिलाच असते.