एक शिवराई, अनेक ठसे

मांजरसुंब्याच्या आसपासच्या जुन्या घरांत, देव्हाऱ्याच्या कोनाड्यात, एखादी तांब्याची शिवराई अजूनही आढळते. आमच्या घरीही चार होत्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्या चिंचेने घासून लखलखीत करावयाच्या, असा घरचा रिवाज. अशा कित्येक दिवाळ्या गेल्या आणि चारांपैकी दोहोंवरील अक्षरे पार नाहीशी झाली. अक्षरांबरोबर काय गेले, हे आम्हास फार उशिरा उमगले. आपल्याकडून तरी तशी चूक होऊ नये, म्हणून हा विषय आज मांडीत आहो.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या नावाने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी नाणी पाडण्यात आली. शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ असा मजकूर असतो, हे बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु दहा शिवराया शेजारी शेजारी मांडून पाहा. एकीवर ‘शिव’ आहे, दुसरीवर ‘शीव’, तिसरीवर ‘सिव’. कोठे ‘पति’ ऱ्हस्व, तर कोठे दीर्घ. कडेच्या ठिपक्यांचे अंतरही सारखे नाही. मग यांतील खरी कोणती आणि खोटी कोणती? केवळ एवढ्या फरकावरून कोणतीही खोटी ठरत नाही. फरकाचे कारण नाण्यात नसून ज्या ठशाने ते पाडले त्या ठशात आहे.

त्या काळी नाणे हाताने पडत असे. खालचा ठसा ठोकळ्यात घट्ट बसविलेला. त्यावर तांब्याची चकती ठेवावयाची. तिच्यावर वरचा ठसा धरून घणाचा घाव घालावयाचा. ठशावर अक्षरे उलटी कोरावी लागत, तेव्हा ती नाण्यावर सुलटी उमटत. हे काम हातचे. म्हणून कोणतेही दोन ठसे हुबेहूब सारखे होत नसत. शिवाय ठसा मोठा आणि चकती लहान, यामुळे एकाच नाण्यावर सगळा मजकूर क्वचितच येई. कोठे ‘श्री’ तुटलेला, कोठे ‘पति’ अर्धा, ही घडण त्यातूनच आली.

आता या विद्येतील खरी मौज पाहू. वरच्या ठशावर घणाचे घाव थेट बसत, म्हणून तो लवकर निकामी होई. खालचा अधिक काळ टिके. वरचा बदलला तरी खालचा तोच राही. अशा रीतीने एका नाण्याची एक बाजू दुसऱ्याशी आणि दुसऱ्याची दुसरी बाजू तिसऱ्याशी जुळते, आणि ठशांची एक साखळीच तयार होते. ठशाला तडा गेला तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. नाण्यावर मागाहून पडलेला ओरखडा मात्र खोल असतो. एका नाण्यावर रेघ नाही, दुसऱ्यावर ती तोकडी आहे आणि तिसऱ्यावर लांबलेली आहे, असे दिसले की कोणते आधी पडले आणि कोणते नंतर, हे दप्तराच्या कागदावाचून सांगता येते.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. शिवराई महाराजांच्या पश्चातही, पेशवाईतही, त्याच मजकुराने निघत राहिली. मजकुरामध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही उत्तरकालीन होय. ‘महाराजांच्या हयातीतील नाणे’ म्हणून जे मोठ्या किमतीस विकले जाते, ते खरोखर तसे आहे काय, हे पारखावयाचे तर ठसाच पाहावा लागतो. बनावटही त्यानेच उघडी पडते. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात. परंतु दोहोंची कड तीच, मजकूर तुटला तो त्याच जागी, आणि ओरखडाही तोच, असे घडत नाही. तसे दिसल्यास ती ओतीव नक्कल समजावी.

ही दृष्टी परदेशातही रुजलेली आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून १७९४ साली चांदीचे पहिले डॉलर बाहेर पडले, ते अवघे १,७५८. पुढल्या वर्षीच्या काही डॉलरांवर गरुडाच्या प्रत्येक पंखाखाली दोन पाने आहेत, तर काहींवर तीन. एम. एच. बोलेंडर यांनी १९५० साली त्या आरंभीच्या डॉलरांच्या ठसेजोड्यांना क्रमांक देऊन पुस्तकच प्रसिद्ध केले. मराठा नाण्यांविषयी महेश्वरी आणि विगिन्स यांचा ग्रंथ १९८९ साली नाशिकहून निघाला. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाण्यांच्या अभ्यासाची संस्थाही आहे.

आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा येथे हाली शिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये. त्यांतील चारमिनार छापाचा रुपया यंत्रावर पडलेला. तरी त्याच्या कमानीत डोकावून पाहा. महबूब अली खानांच्या रुपयावर तेथे ‘मीम’ हे अक्षर आहे. १९११ साली उस्मान अली खान गादीवर आले आणि तेथे ‘ऐन’ आले. पहिल्या काही नाण्यांवर ते अपुरे, पुढे पूर्ण. यंत्र आले तरी ठशाची कहाणी संपली नाही.

तेव्हा घरी गेल्यावर एवढे करावे. जुने नाणे घासू नये. त्यावरील काळसर थर हे त्याचे कवच आहे. मोडीत किंवा मुशीत घालण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून वजन टिपून ठेवावे. शेत नांगरताना नाण्यांचे गाडगे लागले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. आणि तो ठेवा एकत्र राहण्यातच ज्ञानाचाही लाभ आहे, कारण वाटून गेलेल्या नाण्यांची साखळी पुन्हा जुळत नाही.

आमच्या उरलेल्या दोन शिवराया आता कागदाच्या पाकिटात आहेत. एकीवर ‘शिव’ आहे, दुसरीवर ‘सिव’. झिजलेल्या दोहोंवर काय होते, ते आता कोणासही सांगता यावयाचे नाही.