उपचाराचे उशिरा येणारे देणे

लाभ आज पदरात पडला आणि परतफेड तीस वर्षांनी करावयाची असली, तर तो व्यवहार कोणत्या वहीत नोंदवावा, असा प्रश्न मी अर्थशास्त्राच्या वर्गात विचारीत असतो. त्याचे सर्वांत कठोर उदाहरण मला बँकेत नव्हे, वैद्यकाच्या इतिहासात सापडले.

१९४८ ते १९६० या काळात इस्रायलमध्ये हजारो मुलांच्या, विशेषतः उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांतील मुलांच्या, डोक्यावरील खवडे घालविण्यासाठी क्ष-किरण देण्यात आले. ही पद्धत तेव्हा अनेक देशांत रूढ होती. बारुख मोदान यांनी १९७४ मध्ये धोक्याची सूचना दिली. पुढे १९८८ मध्ये एलेन रॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १०,८३४ व्यक्तींचा हिशेब मांडला. किरण न घेतलेल्यांच्या तुलनेत मज्जासंस्थेच्या गाठींचे प्रमाण सुमारे सातपट, तर मेंदूच्या आवरणावरील गाठींचे साडेनऊपट भरले. घाबरून जाण्यापूर्वी दुसरा आकडाही पाहावा : तीस वर्षांत अशी गाठ झालेल्यांचे प्रमाण शेकडा एकाहून कमीच होते. यांतील बऱ्याच गाठी कर्करोगाच्या नव्हत्या हेही खरे. पण कवटीच्या आत सौम्य गाठीलाही जागा नसते.

खवड्यांनी मूल दगावत नव्हते, आणि १९५८ च्या सुमारास ग्रिझिओफुल्विन हे पोटात घेण्याचे औषधही उपलब्ध झाले. म्हणून हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो. इस्रायलने १९९४ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा केला.

रक्ताच्या कर्करोगाची गोष्ट निराळी. १९६० च्या दशकात मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी औषधांच्या जोडीला डोक्यावर किरणोपचार दिले आणि एरवी हमखास मरणारी निम्मी मुले जगू लागली. त्यांतील काहींना पुढे मेंदूत दुसरी गाठ झाली. तरी ते कर्ज काढण्याजोगेच होते. मात्र देणे दिसले म्हणूनच किरणांची मात्रा कमी होत गेली, आणि २००९ मध्ये त्याच रुग्णालयाने डोक्यावर किरण न देताही बहुतेक मुले वाचतात असे दाखवून दिले. वही ठेवली नसती, तर हे घडले नसते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालतो. पण मूल मोठे होते, नोकरीसाठी गाव सोडते. शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र आपण ट्रंकेत जपून ठेवतो. किरण कोणत्या साली, कोठे, किती मात्रेत दिले याचा कागद किती घरांत सापडेल? चाळिशीत डोके दुखू लागले की परगावच्या डॉक्टरला प्रथम हवा असतो तो हाच कागद.