चुलीला मीटर नसतो

महिन्याच्या पहिल्या तारखेला घरखर्चाची वही उघडली, की आमच्याकडे एक वाद ठरलेला. विजेचं बिल पाहून 'हे' म्हणतात, मिक्सर फार चालतो. मी म्हणते, रात्रभर कूलर कुणाला लागतो? शेवटी मीच मीटर वाचायला शिकले. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. गणित इतकंच, पण ते कळल्यापासून वादात माझी बाजू पक्की झाली!

याच उत्साहात मी शाळेत नववीच्या मुलींना घरचा अभ्यास दिला. (मी दुपारचे चार तास समाजशास्त्रं शिकवते.) आठवडाभर मीटर वाचा, घरात किती ऊर्जा लागते ते लिहून आणा. सगळ्यांनी आणलं. एकीच्या वहीत आठवड्याची फक्त नऊ युनिटं होती. मी कौतुक करायला गेले, तर ती म्हणाली, "बाई, आमचा स्वयंपाक चुलीवर होतो. त्याचं काय लिहू?"

मला उत्तर देता आलं नाही. मग शोधायला लागले, की अख्ख्या देशाचा हिशेब ठेवणारे तरी चुलीचं काय लिहितात?

केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय दरवर्षी देशाच्या ऊर्जेचा ताळेबंद छापतं. उद्योग, वाहतूक, घरं, शेती, दुकानं-कार्यालयं अशी त्यात खाती असतात. अडचण आपल्यासारखीच. ज्वारी किलोत, तेल लिटरमध्ये, कोथिंबीर जुडीत, तर बेरीज कशी करायची? आपण सगळं रुपयांत आणतो, ते सगळं उष्णतेत आणतात. एक टन खनिज तेल जाळून जितकी उष्णता मिळते ते त्यांचं माप. आपल्या भाषेत ११,६३० युनिटं. आपलं १४.२ किलोचं सिलिंडर म्हणजे साधारण १८० युनिटं.

जिथे मीटर आहे तिथे हा हिशेब चोख. आमच्या जालन्याचंच बघा. इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून सळ्या होतात. एक टन भंगार वितळवायला पाचशे ते सातशे युनिटं वीज लागते, म्हणजे आमच्या घराची पाच-सहा महिन्यांची! पण तिथलं युनिट न् युनिट मीटरवर येतं. देशातल्या विजेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास उद्योगांना जाते आणि सुमारे पाव हिस्सा घरांना. हे बिनदिक्कत सांगता येतं ते मीटरमुळेच.

डिझेलचं तसं नाही. पंपावर ते ट्रकमध्ये पडलं की ट्रॅक्टरमध्ये, पावती एकच. म्हणून २०१३ साली पेट्रोलियम मंत्रालयाच्या कक्षाने देशभर पाहणी करवली, तेव्हा कळलं की सत्तर टक्के डिझेल वाहतुकीत जातं आणि तेरा टक्के शेतीत. शेतीपंपांचं त्याहून अवघड. आपल्या राज्यात कितीतरी पंपांना मीटरच नाही, अश्वशक्तीवरून अंदाज धरायचा. अंदाज म्हटला की त्यात दुसऱ्याची गळतीही खपून जाते. वीज नियामक आयोगाने यासाठी कार्यगट नेमला, आणि मार्च २०२० च्या आदेशात शेतीचा वापर वितरण कंपनीने मांडला त्यापेक्षा कमी धरला. शेतकऱ्याच्या नावावर त्याने न वापरलेली वीज चढत होती, असाच त्याचा अर्थ ना?

आणि चूल? तिची तर पावतीही नाही. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, बाभळीची लाकडं, यातलं फारसं काही विकत येत नाही. म्हणून सरकारी भाषेत ही 'बिगरव्यापारी ऊर्जा'. ती मोजायची तर घरोघर जाऊन विचारावं लागतं. राष्ट्रीय नमुना पाहणीवाले तसं विचारतात. त्यांच्या २०२०-२१ च्या पाहणीत खेड्यांतली जवळजवळ ४७ टक्के घरं मुख्यतः सरपणावर रांधत होती, शहरांतली साडेसहा टक्के. हे सरपण धरलं तर देशाच्या हिशेबात घरांचा वाटा फुगतो, वगळलं तर आक्रसतो. देश तोच, बायका त्याच!

मी त्या मुलीला म्हटलं, घरचं सरपण वजन करून आण. तिने भंगारवाल्याचा ताणकाटा मागून आणला. दिवसाला चार किलो भरलं. वाळलेल्या लाकडाची उष्णता किलोला सव्वाचार युनिटांच्या आसपास, म्हणजे महिन्याला पाचशे युनिटं. आमच्याकडे महिन्याला ११० युनिटं वीज आणि गॅसची १२०, मिळून २३०. परळीसारख्या केंद्रात एक युनिट वीज करायला तिपटीच्या आसपास उष्णतेचा कोळसा जळतो. तो धरूनही आम्ही साडेचारशेवर थांबतो.

म्हणजे फ्रिज नसलेलं, कूलर नसलेलं ते घर आमच्यापेक्षा जास्त ऊर्जा वापरतं! पहिल्यांदा मला आपलंच गणित चुकलं असं वाटलं. पण गोम वेगळीच आहे. साध्या चुलीतली दहा-पंधरा टक्के उष्णताच भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीतली साठाच्या वर. पाचशेतली साठ-सत्तर युनिटं तिच्या पातेल्याला मिळतात, एकशेवीसमधली पंचाहत्तर माझ्या. भाजी-भाकरी दोघींकडे सारखीच शिजते. तिची उरलेली सव्वाचारशे-साडेचारशे युनिटं घर तापवतात आणि आईच्या डोळ्यांत धूर घालतात.

शिवाय ती मोळी घरापर्यंत आणायला जे श्रम लागले, ते कोणत्या खात्यात? हा प्रश्न एका शास्त्रज्ञाने विचारला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी यांनी १९७० च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर कर्नाटकातल्या पुरा या गावची सगळी ऊर्जा मोजली. लाकूड, बैल, वीज, रॉकेल, आणि माणसांचे श्रमसुद्धा! गावातल्या एकूण मानवी श्रमांत निम्म्याहून जास्त वाटा बायकांचा निघाला. पुरुषांचा तिसऱ्या हिश्शाच्या आत, बाकी मुलांचा.

हे वाचून सासूबाईंना सांगितलं. त्यांची उभी हयात खेड्यात चुलीपुढे गेली. त्या म्हणाल्या, "त्याला मोजायला कशाला लागतं? आम्हाला विचारायचं ना."

आमच्या त्या विद्यार्थिनीने तक्त्यात आता एक रकाना स्वतःच वाढवला आहे, 'सरपण आणायला लागलेला वेळ'. परवा वही तपासायला आली, तेव्हा मंगळवारच्या ओळीत तिने 'अडीच तास' लिहून खोडलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'आई म्हणते, गोवऱ्या थापायचाही धरायचा का?' मी खाली लाल शाईने 'हो' लिहिलं.