घरच्या घरी छोटे इंजिन



गाळप हंगाम आटोपला की आठ दिवस आम्ही आमच्या वसईच्या घरी जातो. यंदा तिथे आयटीआयला जाणाऱ्या पुतण्याने वीतभर लांबीचे वाफेचे इंजिन करायला घेतले होते. रंगही देऊन झाला होता. पण ते चालेना, म्हणून फळीवर पडले होते.

त्याला आम्ही माझगावच्या अर्देशीर करसेटजी वाडियांची गोष्ट सांगितली. जन्म १८०८, घराणे मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणारे. ऐन तरुणपणी त्यांनी एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः बांधले आणि त्यावर विहिरीचे पाणी ओढून आवारातले कारंजे उडवले. आपल्याकडे आगगाडी आली १८५३ साली. ही गोष्ट त्याच्याही आधीची. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य होणारे ते पहिले भारतीय ठरले.

“काका, त्यांच्याकडे गोदी होती,” पुतण्या म्हणाला. आम्ही म्हटले, “तुझ्याकडे काच आहे ना? मग आण.”

इंजिन तसे साधे. जुन्या स्टोव्हच्या पंपाची पितळी नळी हा सिलिंडर. त्याला डाग देऊन सपाट पट्टी जोडलेली. सिलिंडर आसावर डुलतो, तेव्हा पट्टीचे भोक एकदा वाफ आत येण्याच्या भोकासमोर येते, एकदा बाहेर जाण्याच्या. दट्ट्या चाक फिरवतो आणि चाकाचा झोक दट्ट्याला परत आणतो. वेगळ्या व्हॉल्व्हची भानगडच नाही.

सायकलच्या पंपाने हवा दिली, तर नुसते फुस्स! साबणाचे पाणी लावले, तर पट्टीखालून बुडबुडे. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून पट्टी घासली. दुसऱ्या काचेवर तेलात कालवलेले काजळ पुसले आणि पट्टी त्यावर टेकवून पाहिली. काळे लागले तो उंचवटा; पुन्हा घासायचे. तीन संध्याकाळी यात गेल्या. दट्ट्याही तेल आणि ब्रासो लावून नळीत बसवला, नंतर रॉकेलने स्वच्छ धुतला. कण आत राहिले तर तेच धातू खातात.

चौथ्या संध्याकाळी पंपाच्या एका दाबात चाक फिरले. टक्-टक्-टक्! आमचे थोरले बंधू ओटीवरून उठून आले. म्हणाले, “आबांचे इंजिन!”

वडिलांचे बावखलावरचे ऑइल इंजिन असेच दम सोडू लागले होते. “जुने झाले, काढून टाका,” हा सल्ला आमचाच. भंगारवाल्याने खोलले, तेव्हा दट्ट्याच्या रिंगा तेवढ्या झिजलेल्या निघाल्या. दुसऱ्यांना सल्ला देणारे आम्ही. ही चूक आजही बोचते.

म्हणून सांगतो, पंप पाणी सोडू लागला की लगेच नव्याच्या मागे लागू नका. पंप बंद ठेवून सक्शन पाइप पाण्याने भरा. पाणी खाली उतरले तर फूट व्हॉल्व्ह बघा. सांध्यातून थेंब आला तर हवा तिथेच शिरते. वायसर बदलून काम भागत असेल तर हजारो रुपये वाचतील.

आणि मुलांनी असे इंजिन केले तर ते हवेवरच चालवू द्या. बंद डब्यात पाणी उकळून वाफ करण्याचा खेळ घरात नको; तो डबा म्हणजे बॉम्बच.

आमचे इंजिन आता फळीवर नाही, ओटीवर आहे. घासताना रंग मात्र निघाला. तो पुतण्या सवडीने देईल.