वहीतल्या सहा ओळी

वडगाव रासाईला मी गेले ती एका वहीमुळे. मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याचा शोध यंत्रापासून नाही, वहीपासून सुरू होतो, असं एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं होतं. तीन दिवस लिहायचं: किती वाजता गेलात, किती मिली झाली, किती दुखलं. सोबत मापाचा प्लास्टिकचा पेला.

भीमेच्या अलीकडे उसाचे फड, पलीकडे दौंड तालुका. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांमधल्या एका ताईंना तीन वर्षं उन्हाळी लागते. धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, गोळ्यांचे कोर्स झाले. तपासणीत जंतू सापडत नाहीत, आग जात नाही. "भरलं की दुखतं, मोकळं झालं की घटकाभर बरं," त्या म्हणाल्या. या दुखण्याची पुस्तकातली खूणही हीच.

"दिवसातून किती वेळा जाता?"

"दोनदा."

मी वीस-बावीस ऐकायच्या तयारीने गेले होते.

"पहाटं अंधारात, रात्री अंधारात. मधी कुठं जायचं? फडात गडीमाणसं. म्हणून पाणीच पीत नाही."

या आजारात माणूस दहा वेळा, पंधरा वेळा जातो, असं धरून वहीचे रकाने आखलेले. दोनदा! वही करणाऱ्याच्या घरात संडास होता, एवढं नक्की.

गाय हनर या अमेरिकी डॉक्टरांनी १९१५ साली या दुखण्यात दिसणाऱ्या, मूत्राशयाच्या आतल्या जखमांचं वर्णन केलं. पण बहुतेक रुग्णांत त्या दिसतच नाहीत. मग आतल्या अस्तरावर संशय गेला, मग नसांवर. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेल्या 'मॅप' संशोधनात चारांतल्या तिघांचं दुखणं ओटीपोटाबाहेरही पसरलेलं निघालं. ताईंना विचारलं, आणखी कुठं दुखतं? मान, कंबर, खांदे. मग स्वतःच हसल्या: "मोळ्या काय तुम्ही उचलता?" नसांचा दोष कुठला आणि मोळीचा कुठला, हे कोण निवडणार?

दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मूत्राशयाचं दुखणं गर्भाशयाचं समजून पिशवी काढली जाते, हे जगभर घडलेलं आहे. त्या १३,८६१ जणींपैकी कुणाला कुणी विचारलं असेल का, की लघवी साठली की दुखतं का?

वहीतलं दुखण्याचं शून्य ते दहा हे माप ताईंना पटलं नाही. "रुपयात सांगते." चालेल, म्हटलं, आणि वही-पेला त्यांच्याकडे ठेवून आले.

चौथ्या दिवशी गेले तेव्हा टोळी पुढच्या फडावर निघाली होती. पेला कोपीत तसाच, कोरडा. वही त्यांच्या मुलीने लिहिलेली. तीन दिवस, रोज दोनदा, सहा ओळी. मिलीचा रकाना कोरा. दुखण्याच्या रकान्यात सहाही वेळा एकच नोंद होती: चौदा आणे.