राखलेले बगळे

परभणीहून पूर्णेकडे जाणारी आगगाडी पिंगळीचे स्थानक सोडते, तेव्हा दोन्ही अंगांस काळ्याभोर रानाचा पट्टा उलगडत जातो. पेरणीच्या दिवसांत तेथे औतामागून पांढरेशुभ्र बगळे किडे टिपीत हिंडत असतात. सहाव्या इयत्तेत असताना हे दृश्य मी जलरंगांत उतरविण्यास बसलो. आधी आकाश रंगविले, मग सारी जमीन काळ्या रंगाने भरून काढली आणि शेवटी पांढऱ्या वडीवर कुंचला घासून बगळे काढू लागलो. पण खालचा रंग विरघळून वर आला आणि माझे बगळे पाहता पाहता कावळ्यांच्या जातीत जाऊन बसले! मला रडू कोसळले. चित्रकलेचे गुरुजी कागदाकडे पाहून एवढेच म्हणाले, "अरे, बगळे काढायचे नव्हते, ते राखायचे होते."

त्या वेळी मला याचा अर्थ उमगला नाही. जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि डिंक यांचे मिश्रण. हा डिंक आपल्या बाभळीच्याच कुळातील झाडांचा असतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणूनच वाळलेला रंगही पुन्हा ओला होतो. हा रंग पातळ व पारदर्शक असतो. प्रकाश त्याच्या थरातून आत शिरतो, कागदावर आपटतो आणि परत आपल्या डोळ्यांकडे येतो. चित्रातील उजेड हा खरोखर कागदाचा उजेड होय. म्हणून जेथे पांढरे हवे, तेथे कागद कोरा सोडावा लागतो.

आरंभी फार साहित्य नको. जाड कागद, एक मोठा व एक लहान कुंचला, लाल, पिवळा, निळा आणि तपकिरी रंग, एक जुने फडके आणि पाण्याची दोन भांडी पुरेत. एका भांड्यात कुंचला धुवावा व दुसऱ्यातले स्वच्छ पाणी रंगात घ्यावे. काळी वडी शक्यतो दूरच ठेवावी. निळा व तपकिरी एकत्र केले, की आपल्या रानाचा तो जिवंत काळा रंग मिळतो. वडीतला काळा त्यापुढे काजळीसारखा निर्जीव दिसतो.

आकाश रंगविताना फळी किंचित तिरपी धरावी आणि भरपूर ओल्या कुंचल्याने वरून खाली आडवे पट्टे ओढावेत. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचे पाणी साचते. दुसरा पट्टा त्याला स्पर्श करीत ओढला म्हणजे सांधा दिसत नाही. रंग अर्धवट वाळला असता त्यात पुन्हा हात घालू नये. नवे पाणी जुन्या रंगाला बाजूस ढकलते आणि दातेरी कडांचा डाग पडतो. आमच्या भागात वैशाखाच्या कोरड्या हवेत रंग क्षणात वाळतो, तर श्रावणात वाट पाहून जीव कंटाळतो. तेव्हा उन्हाळ्यात पहाटे बसावे. वाळल्यावर रंग फिका पडतो, हेही ध्यानात असावे. आधी दुसऱ्या कागदाच्या तुकड्यावर पट्टा ओढून पाहणे बरे.

सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास हाती दिवा घेतलेल्या एका स्त्रीचे चित्र रंगविले. त्यासाठी त्यांची कन्याच समोर उभी राहिली होती. ज्योतीवर तिने हात धरला आहे आणि बोटांच्या फटींतून उजेड पाझरतो आहे. हे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्मा यांचे तैलचित्र वाटत आले. वास्तविक ते जलरंगांतले आहे! चुकीवर दुसरा रंग थापण्याची सोय नसताना हे साधले, याचे मला अजूनही नवल वाटते.

मी ते रान पुन्हा रंगविले. या वेळी आधी पेन्सिलीने सहा बगळ्यांच्या पुसट आकृती रेखल्या आणि कुंचल्याचे टोक त्यांच्याभोवतीने जपून नेले. एक बगळा रंगाच्या ओघळात बुडाला. उरलेले पाच मात्र काळ्या ढेकळांत स्वच्छ उभे राहिले.